ताईसाठी कालवलेला लेप
मुलतानी माती भिजवली की त्या वासासरशी वालूरचे पाहुणे ताईला बघायला आले तो दिवस आठवतो. आईने तिच्यासाठी माती, हळद अन् साय वाटीत कालवून ठेवली होती. गोरी ताईच, अन् लेपही तिलाच! मी न्हाणीत बसून सगळा लेप तोंडाला फासला. वाळल्यावर धुतला, तर हळद काही निघेना. ताई तोंडावर नुसतं पाणी मारून पोहे घेऊन गेली अन् पसंत पडली. घर बघायला आत आलेली पाहुणी मला बघून हसली, "हिला तर आधीच हळद लागली की!" मग ताईनेच नव्या साडीचा पदर भिजवून माझे गाल पुसले. म्हणाली, "रडू नको गं, निघायलाय." ती रागावली नाही, एवढं मात्र मी तिला अजून माफ केलेलं नाही.