भाऊ मरते ना नाटकात?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आख्ख्या झाडीपट्टीत आमच्या भाऊजींइतक्या वेळा मेलेला माणूस दुसरा नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि वडशाच्या एका नाटक कंपनीचे लेखक, दिग्दर्शक व मुख्य नट. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव त्यांचं नाटक असे आणि प्रत्येक नाटकाच्या शेवटच्या अंकात, तांबडं फुटायच्या सुमारास, त्यांचं मरण असे. ते कधी साप चावून मेले, कधी वाघाने धरल्यामुळे, कधी दारूने आणि बहुतेकदा पोटच्या पोराचे शब्द जिव्हारी लागून. गावचं मंडळ नाटक ठरवायला वडशाला आलं की नाटकाचं नाव मागाहून विचारी. आधी प्रश्न एकच, "भाऊ मरते ना नाटकात?" एका वर्षी हौसेने त्यांनी निव्वळ विनोदी नाटक लिहिलं. लोक पोट धरधरून हसले. सकाळी मंडळाचा अध्यक्ष मात्र तोंड पाडून दारात उभा. म्हणाला, "भाऊ, आमच्या घरी दूरदुरून पाहुणे आले, आन तुमी मेलेच नाई!" पाहुण्यांना कोंबडीचा रस्सा कमी पडला असता तरी त्याला एवढं वाईट वाटलं नसतं. भाऊजींनी पुन्हा म्हणून तसा आगाऊपणा केला नाही.

मरण्याची त्यांची तयारीही पाहण्यासारखी. दुपारी मंच बांधून झाला की ते आधी त्यावर जाऊन आडवे होत. तळहाताने फळ्या चाचपून वर आलेले खिळे शोधत. बाया कोणत्या अंगाला बसणार ते विचारून घेत, कारण "डोकं बायायच्या बाजूले पाहिजे, माणसं रडाले वेळ लावते." अंगावर पडून रडणारी नटी घाईवर आली तर मरता मरता ओठ न हलवता दम भरत, "थांब वो, अजून जीव हाये." घुग्घुसला एकदा कोळशाची धूळ नाकात गेली आणि मेल्यानंतर ते सणसणीत शिंकले. लोकांनी रागवावं की नाही? उलट "वन्स मोअर"चा गलका झाला. भाऊजी उठले, नमस्कार केला आणि पहिल्यापेक्षा सावकाश पुन्हा मेले.

आणि या माणसाला स्वतःच्या नाटकातलं एक वाक्य पाठ नसे. विचारलं तर म्हणत, "डोक्यात ठेवाचं असतं तं लिवलो काऊन असतो?" त्यांचं पाठांतर म्हणजे मी. मंचापुढच्या खड्ड्यात पेटीवाल्याशेजारी नाटकाची वही घेऊन बसायचं आणि प्रत्येक वाक्य खालून पुरवायचं, हे काम त्यांनी लग्नात आयत्या मिळालेल्या मेव्हण्याच्या गळ्यात घातलं होतं. मी खालून जे देईन ते ते वर बोलत. अर्थबिर्थ पाहत नसत. माझा स्वभाव मूळचाच घाबरट. पान उलटायला उशीर झाला तर भाऊजी एवढ्या माणसांपुढे नुसते तोंड उघडून उभे राहतील, या धास्तीने मला भर थंडीत घाम सुटे. ते मात्र वर निवांत असत.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या छातीत कळ आली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दगदग नको, ओरडणं नको, जागरण तर नकोच. माझ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. तिने नवऱ्याचं मरण कधीच पाहिलेलं नव्हतं. गावातच प्रयोग असला तरी ती दार लावून घरी बसे. तिने त्यांना शपथ घातली, "यंदा मराचं नाई." भाऊजींनी जेवण टाकलं. "डॉक्टर म्हणते जगा, मंडळ म्हणते मरा. मी कोणाचं आयकू?" शेवटी त्यांनी मंडळाचंच ऐकलं. निघताना बाईने मला चुलीपाशी बोलावलं आणि म्हणाली, "तू त्यायच्या पुढ्यातच बसते ना. नजर ठेवजो बापू."

झालं! तेव्हापासून माझा एक डोळा वहीवर आणि एक त्यांच्या छातीवर. मरताना ते धापा टाकत, छाती धरत, डोळे फिरवत. हुबेहूब मरण्याबद्दलच तर त्यांची ख्याती. त्यातलं सोंग कुठे संपतं हे मी बापड्याने कसं ओळखावं? पडदा पडला की मी खड्ड्यातून धडपडत वर जाई. ते डोळे मिटूनच विचारत, "बाया रडल्या का रे?" मग कुठे माझा जीव भांड्यात पडे.

एका गावी दिवसा शंकरपटात बैल धावले होते आणि रात्री आमचं नाटक होतं. शेवटचा अंक आला. भाऊजींचं डोकं नाटकातल्या मुलीच्या मांडीवर. मी वाक्य दिलं, "पोरी, मी चाललो." ते बोलले नाहीत. पुन्हा दिलं. तरी नाही. पेटीवालाही माझ्याकडे पाहू लागला. त्यांच्या कपाळावरून रंगासकट घाम ओघळत होता आणि तसा घाम मी आधी कधी पाहिला नव्हता. माझ्या हातून वही पडली. रडकुंडीला येऊन मी बोललो, "भाऊजी, असं नका करू. बाई घरी वाट पाहून राह्यली." त्यांचे ओठ हलले. सवयीने, अर्थबिर्थ न पाहता, त्यांनी खर्जात ते वाक्य उचललं, "असं नका करू. बाई घरी वाट पाहून राह्यली." सगळं मैदान हुंदके देऊ लागलं. त्यांच्या उभ्या आयुष्यातलं सर्वांत गाजलेलं वाक्य ते हेच. मी "पडदा पाडा, पडदा पाडा" म्हणून ओरडत होतो आणि लोकांना वाटलं, हाही नाटकातलाच. आम्ही त्यांना तसंच, रंग लावलेलं, गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ते वाचले. डॉक्टरांनी मंच मात्र कायमचा बंद केला.

यंदा त्यांची भूमिका कंपनीतला दुसरा नट करतो. भाऊजी पुढे खुर्ची टाकून बसतात आणि त्याचं मरण कसं उरकल्यासारखं आहे ते शेजाऱ्यांना सांगतात. वडशाजवळच्या एका प्रयोगाला त्यांनी बाईला ओढूनच आणलं. तो नट मेला, आणि बाई तोंडात पदर कोंबून अशी रडली की मागच्या बाया तिला सावरायला आल्या. भाऊजींना ते फार लागलं. परतताना गाडीत फुगून बसले. शेवटी राहवलं नाही तेव्हा म्हणाले, "मी जिनगीभर मेलो, तं एक डाव आली नाई. आन त्या नवख्याच्या मरणावर एवढी रडली?"

बाई बाहेर धानाच्या बांध्यांकडे पाहत होती. "तुमी बाजूले बसून होते," ती म्हणाली, "म्हणून रडता आलं."

खिडकीतून पहाटेचं गार वारं येत होतं. भाऊजींनी आपली कानटोपी काढून तिच्या डोक्यावर चढवली. ती तिला फारच मोठी होत होती, पण घर येईपर्यंत तिने ती काढली नाही.