माळावरच्या सरडीची अंडी

एम.एस्सी.च्या प्रबंधाला मी माळावरचा सरडा घेतला. वडिलांनी बजावलं, "मिरगापतोर पुरं कर. न्हायतर पावणं बोलावणार." इकडे सरांचं म्हणणं, पिल्लू अंड्यातून निघेपर्यंतच्या नोंदी नसतील तर सही मिळणार नाही. सही नाही म्हणजे पदवी नाही, आणि पुढे बोहलं.

पन्हाळ्याकडच्या माळावर चैत्रात नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा-केशरी पंखा उघडमिट करतात. मादी खड्डा करून अंडी घालते, माती लोटून नाकाडाने ठोकून बसवते आणि चालती होते. पुन्हा फिरकत नाही. अशी सहा अंडी मी घरी आणून घमेल्यात ओलसर वाळूत ठेवली. दोन आठवड्यांत सगळी पिवळी पडून सुरकुतली.

आई कोंबड्या पाळायची. ती सहज म्हणाली, "कोंबडी दिवसातनं धा येळा अंडी फिरवती. ह्यास्नी कोण हाय? मीच रोज फिरवली की."

सरड्याचा गर्भ कवचाला वरच्या बाजूने आतून चिकटतो. अंडं उलटलं की तो मरतो. मी आईवर नको तेवढी ओरडले. तिनं तांदूळ निवडता निवडता एवढंच विचारलं, "मग मला सांगायचं न्हाईस व्हय?" तिला काय कळणार, असं मी धरूनच चालले होते. त्याची आजही लाज वाटते.

हार मानायचा माझा स्वभाव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा माळाकडची एस.टी. धरली, तर आई न विचारता शेजारी येऊन बसली. तीन दिवस आम्ही उन्हात माळ तुडवला. शेवटी माती ठोकणारी मादी तिलाच दिसली. पाच अंडी मिळाली. प्रत्येकाच्या वरच्या अंगाला पेन्सिलीची खूण करून ती तशीच उचलली. परतताना आईनं घमेलं मांडीवर घट्ट धरलं होतं.

मिरग उलटला तरी अंडी तशीच. वडिलांनी ठरल्याप्रमाणे पावणं बोलावलं. ते यायच्या घटकाभर आधी एका अंड्याला चीर गेली आणि इवलं नाकाड बाहेर आलं. मी वही घेऊन फतकल मारून बसले. अंगावर जुनंच लुगडं होतं. बाहेर चपला वाजल्या. वडील मला हाक मारणार, तेवढ्यात आई उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"पावणं, च्या घ्या आन् जावा. पोरगी आज दिसायची न्हाय. तिची अंडी फुटाय लागल्यात."