फक्त तिच्यासाठी बनवलेली एपीआय

आज मीटिंगमध्ये माझ्याच टीममधल्या मानसीने माझ्या एपीआयची लिंक अख्ख्या टीमच्या ग्रुपवर टाकली आणि तेव्हापासून माझं डोकं जागेवर नाही. जेट्टीवर येरझाऱ्या घालत हे लिहितोय.

उरणच्या आमच्या ऑफिसात बंदरावरच्या ट्रकांसाठी सॉफ्टवेअर बनतं. कुठल्याही प्रोग्रामने विचारलं की कंटेनर कुठे अडकलाय ते सांगणारी एपीआय मी बनवली आणि फक्त मानसीला पाठवली. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या माझ्याकडे तिला द्यायला दुसरं होतं काय? ती रोज वापरायची, मला रोज बरं वाटायचं.

आज कळलं, शेजारच्या टेबलावरचा नितेश महिनाभर तेच बनवत होता. "आरं, सांगायचं न्हाय काय?" तो म्हणाला.

मी मानसीवरच उखडलो. "ते मी तुला दिलं होतं."

"कंटेनर कुठंय ते कळत नाही म्हणून ड्रायव्हर गेटवर उपाशी उभे असतात, आणि तू मला गिफ्ट देतोस?"

सगळे हसले. ती हसली नाही, तेच जास्त लागलं.

खरं सांगा, एकीसाठी केलेलं काम सगळ्यांचं झालं की त्यात तिच्यासाठी काही उरतं का?

मी ती एपीआय कशी वापरायची ते ग्रुपवर नीट लिहिलं, उठलो, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.