उज्वलाताईंनी सर्व्हर उठवला

आमच्या हिंगणघाटच्या डोळ्यांच्या छोट्या दवाखान्यात उज्वलाताई केसपेपरच्या खिडकीत बसतात. मूळच्या वडनेरच्या. वडील दौलतराव वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचे. बारावीनंतर ताई या खिडकीत आल्या, त्याला सव्वीस वर्षं झाली. मी शेजारीच औषधं देते. मला वाटायचं, मी त्यांना ओळखते.

दवाखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा नागपूरहून एक इंजिनिअर यायचा. ताई त्याच्या बाजूला स्टूल घेऊन बसायच्या आणि तो काय करतो ते वहीत उतरवायच्या. पुढे तो येईनासा झाला आणि सगळी माहिती साठवणारा सर्व्हर अडला की ताईच बघू लागल्या. त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. मलाही नाही.

गेल्या मार्चमध्ये, एका रविवारी, कॉम्प्युटर कंपनीचा माणूस सर्व्हरच्या दोन्ही जुन्या, एकमेकींची नक्कल असलेल्या हार्ड डिस्क बदलून गेला. सर्व्हर चालूच ठेवून एक काढली, नवीवर सगळं उतरू दिलं, मग दुसरी. सोमवारी सकाळी वीज गेली. परत आली तेव्हा सर्व्हर उठेचना. काळ्या पडद्यावर एकच ओळ, सुरू करायला डिस्क सापडत नाही.

बाहेर बाकांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एकोणीस माणसं बसलेली. नवं भिंग निवडण्यासाठी शनिवारच्या शिबिरात घेतलेली त्यांच्या डोळ्यांची मापं त्याच सर्व्हरमध्ये होती, आणि बॅकअप शुक्रवारचा.

कंपनीचा माणूस फोनच्या स्पीकरवरून आमच्या डॉक्टर सुश्रुतांना म्हणाला, "फॉरमॅट करून सगळं नव्यानं टाकावं लागेल, सर."

"नाई," ताई मागून म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका ठाम मी कधी ऐकला नव्हता. "फॉरमॅट नाई करायचं. सर, मले अर्धा तास द्या."

डॉक्टरांनी फोन ठेवला.

ताईंनी आधी डिस्कच्या तारा तपासल्या. मग सेटिंगच्या पानावर गेल्या आणि मला पडद्याकडे बघायला लावलं.

"हे पाय, मोहिनी. दोन्ही डिस्का दिसून राह्यल्या. मंग उठत काऊन नाई?"

मला काय कळणार! त्यांनी पेनड्राइव्ह लावून त्यावरून मशीन सुरू केलं आणि नव्या डिस्कमध्ये डोकावल्या. शनिवारची सगळी नावं तिथे होती. पहिलंच नाव पंचफुलाबाईंचं, डाव्या डोळ्याच्या मापासकट.

ताई मात्र वही चाळत होत्या. "माहिती आली, पण मशीनले जागं करणारा तुकडा मांगंच राह्यला. तो जुन्या डिस्कवर येगळा होता, त्याची नक्कल झालीच नाई."

वहीतल्या पिवळ्या पडलेल्या पानावर बोट ठेवून त्या एकेक अक्षर टाइप करत गेल्या. एंटर दाबण्याआधी प्रत्येक ओळ दोनदा वाचत होत्या. तो तुकडा पहिल्या डिस्कवर लिहिला, मग दुसऱ्यावरही. पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं.

पंखे घरघरले. पडदा काळाच. डॉक्टर दारात उभे, मी ताईंच्या मागे. मग ओळींमागून ओळी सरसर वर जाऊ लागल्या आणि दवाखान्याचं नाव आलं.

डॉक्टर पुढे आले. त्यांनी हात जोडले. मी ताईंच्या बोटांकडे बघत राहिले. रोज तीच बोटं माझ्यासमोर पॅडवरून केसपेपर फाडून द्यायची.

"पंचफुलाबाईले आत घ्या आता," ताई म्हणाल्या, "मावशी सकाळपासून उपाशी हाय."

संध्याकाळपर्यंत एकोणीसही ऑपरेशनं झाली.