आबांचा डायनामो

सायकलवाल्यांच्या या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच — लाइट चार्जिंगची घ्यावी की डायनामोवाली? मी कधी उत्तर दिलं नाही. आज देतो.

मी शहापूरला मोटार रिवाइंडिंग करतो. भूतबित आपण मानत नाही. चाक फिरल्याशिवाय डायनामो बोलत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

आमचं घर सापगावात. माझे वडील, आबा, शहापूरच्या भातगिरणीवर कामाला होते. काळोख पडता पडता सायकलवर परत यायचे. पुलाकडच्या वळणावर डायनामोची घर्रघर्र ऐकू आली, की आई चहा ठेवायची. मी हौसेने चार्जिंगची लाइट आणली तर म्हणाले, "चार्जिंग कोन करत बसंल रे? पाय हायेत ना माजे."

आबा भर दुपारी, झोपेतच गेले. आई रडली नाही. नुसती भिंतीला टेकून बसली, ताटाला हात लावेना. मलाही काही वाटत नव्हतं... दात काढताना इंजेक्शन देतात ना, तसं. सायकल आता मीच वापरणार, म्हणून डायनामो काढला आणि चार्जिंगची लाइट बसवली.

दहाव्याच्या संध्याकाळी आमच्याकडे माणूस गेला त्या जागी तांदळाचं पीठ पसरतात. त्यावर दिवा ठेवून वर टोपली झाकतात. सकाळी पिठात पाऊल बघायचं. पाखराचं, गुराचं, नाहीतर तान्ह्या बाळाचं. त्यावरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. आई त्यासाठीच थांबली होती. आबा कुठे आहेत, एवढंच तिला हवं होतं.

सकाळी काकांनी टोपली उचलली. पाऊल नव्हतं. पिठाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सायकलच्या टायरची नक्षी उठली होती.

"पोरांनी केला आसंल," काका म्हणाले. पण आमच्या घरात लहान पोर नाही. सायकल बाहेर साखळीने बांधलेली, चावी माझ्या खिशात. आणि टोपली केवढी, चाक केवढं!

आई वाकून बघत राहिली. "वाटंवरच हाय अजून," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तो डायनामो लाव परत. आवाज नाय आला तं मला कसा कळंल?"

कोण आल्याचं कळेल, ते मी विचारलं नाही. डायनामो लावला. त्या दिवशी आई जेवली.

गेल्या रविवारी मला सुट्टी होती. दिवेलागणीला पडवीत बसलो होतो, सायकल शेजारी स्टँडवर. वळणावरून घर्रघर्र आली. मी आधी चाकाकडे बघितलं... स्थिर होतं. आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. रस्त्यावर कुणी नाही.

आत आईने गॅस पेटवला.

"आई, मी घरातच हाय ना," मी म्हणालो.

"तुजा नाय ठेवला," ती म्हणाली.

मी घाबरलो नाही. बरंही वाटलं नाही. बसून राहिलो. नंतर डायनामो खोलून बघितला, काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कारण माहीत असेल तर सांगा.

बाकी लाइट म्हणाल तर चार्जिंगचीच घ्या. उजेड जास्त, पॅडलही हलकं जातं. आमच्या सायकलला मात्र डायनामोच राहील. आई आता दोन कप मांडते.