जळजळ सुमनची, सांगणारे आप्पा

मंडळी, दुपारी दौंडच्या दवाखान्यातून परतले आणि संताप अजून उतरलेला नाही.

इथे वरवंडला माझ्या शेजारी सुमन राहते. आठ महिन्यांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली. तेव्हापासून तिच्या पोटात आग होते. तीन डॉक्टर झाले, तिघांनीही ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. आधी तिचं तिखट बंद झालं, मग रात्रीचं जेवण. बाई निम्मी झाली आहे.

आज मी सोबत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" सुमनने पदर सावरला आणि तिचे यजमान, आप्पा, बोलू लागले. "पित्त हाय तिला. जेवली की जळतंय."

मी म्हटलं, "आप्पा, पोट तुमचं आहे का? बाहेर बसा."

ते गेले. सुमनने टाक्यांच्या उजव्या टोकावर एकच बोट ठेवलं. "हितं जळतंय. जेवल्यावर न्हाई, उठताना आन् खोकताना."

आठ महिन्यांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी तिला झोपवून, पोट ताठ व्हावं म्हणून मान उचलायला लावली आणि तिने बोट ठेवलं होतं तिथंच दाबलं. ती किंचाळली.

"व्रणात नस अडकली असावी. हर्निया नाही ना, ते सोनोग्राफीत पाहू, मग इंजेक्शन देऊ. पण उशीर झालाय. पूर्ण थांबेल असं आज सांगता येणार नाही."

बाहेर आल्यावर आप्पांनी मला विचारलं, "काय म्हणलं डॉक्टर?"

"तिला विचारा."

ते गाडी काढायला गेले. तिला विचारलं नाहीच.

तुमच्या घरातल्या बाईचं दुखणं डॉक्टरांना कोण सांगतं?