फुलसिंगचं साफ यकृत

फुलसिंग पहिला घास कधी स्वतःच्या तोंडात घालत नसे. डबा उघडला की भाकरीचा मोठा तुकडा शेजारच्याच्या हातावर. "खा बे, एकट्याचं पोट भरते काय?" बाभुळगावच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघं जोडीनं कापसाच्या गाठी उचलायचो. सारे हमाल त्याला दिलदार म्हणत. मला ते नाटक वाटे. मी चौथी शिकलेला, गावच्या दारूबंदी मंडळाचा पुढारी, जन्मात थेंब न घेतलेला. तो अंगठेबहाद्दर, होळीला हमखास दोन घोट घेणारा. तरी चहा आला की पहिला कप त्याला.

कापसाचा भाव पडला त्या वर्षी जिनिंग आठवड्यातून दोनच दिवस चाले. रिकाम्या बसलेल्या हमालांसाठी मालकानं आवारात तपासणीचं शिबिर ठेवलं. रक्त घेतलं, पोटावर यंत्र फिरवलं. आठ दिवसांनी कंपाउंडरनं सगळ्यांदेखत कागद वाचले. "गणपतराव, यकृतात चरबी."

"घ्या! दारूबंदीवाले चोरून पेते!" एक हमाल ओरडला. सगळं आवार हसलं. माझ्याजवळ नावाशिवाय दुसरं होतं काय?

फुलसिंग उठला. "हसू नका बे. लाइनीत आमी मागंपुढं होतो, नंबर बदलले असन. चरबी माही हाय." होळीचे घोट सगळ्यांना माहीत, त्यामुळे लोकांना लगेच पटलं.

मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "नंबर बरोबर आहेत. कोलेस्टेरॉल दोघांचंही जास्त आहे. पण चरबी साठवायची की रक्तात सोडायची, हे यकृतातले बारीक बारीक रेणू ठरवतात, आणि ते माणसागणिक वेगळे. गणपतराव, तुमचं यकृत साठवतं. दारूचा काही संबंध नाही. फुलसिंग, तुमचं साफ आहे, सारं बाहेर सोडतं. म्हणून तुम्ही हृदयाला जपा."

फुलसिंग खदखदून हसला. "म्हंजे माह्या लिव्हरलेबी जमवता येत नाही! चाल गनपतभाऊ, डाक्टरलेच बाहेर सांगू दे."

"काही गरज नाही," मी म्हणालो. माझं नाव धुऊन निघालं असतं, हे खरं. पण त्याचं यकृतही चारचौघांत साफ ठरलं असतं. तेवढं मला सोसवेना.

चार वर्षांनी गाठ उचलतानाच छातीत कळ आली आणि तो गेला. त्याच्या तांड्यावर मातीला जमलेली माणसं कुजबुजली, "लिव्हर खराब होतं त्याचं. दारूनंच नेलं." त्याची बायको खाली मान घालून ऐकत होती.

मी घरी आलो, पेटीतला कागद काढला अन् तसाच परत गेलो. माणसं अजून अंगणात बसली होती. "वहिनी, हा कागद माझा. चरबी माझी होती, त्याचं यकृत साफ होतं." मग माझं नाव, त्याखालची ओळ, सारं मोठ्यानं वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही.

ती म्हणाली, "मले ठाऊक होतं, भाऊ. ते म्हनत, गनपतभाऊ जिद्दी हाय, पन एक दिवस सोताहून सांगन."

ज्या एका गोष्टीत मी त्याच्या पुढं गेलो असतो, तीही तो आधीच सांगून गेला होता.